खिडकी आपली, परवानगी कौन्सिलची: इंग्लंडच्या जुन्या खेड्यात राहायचं म्हणजे काय

बायबरी हे ग्लॉस्टरशायर काउंटीतलं सहा-सातशे वस्तीचं खेडं. तिथली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिली असेल: मधाच्या रंगाचा दगड, उतरती छपरं, समोर पाणी. १३८० च्या सुमारास लोकर साठवायला बांधलेली इमारत, सतराव्या शतकात तिची विणकरांसाठी घरं केली. हल्ली हे गाव बातम्यांत येतं ते पर्यटकांच्या बसगाड्यांमुळे. अरुंद रस्त्यावर बसची रांग, आणि फोटोसाठी लोकांच्या अंगणात शिरणारे पाहुणे.

फोटो बघणाऱ्याला वाटतं, इथे आपलं एक घर असतं तर! तेवढ्यात कुणीतरी सांगतं, की तिथे म्हणे स्वतःच्या घराची खिडकी बदलायलाही परवानगी लागते, आणि ती न घेता बदलली तर तुरुंगसुद्धा होऊ शकतो. ऐकणाऱ्याला हे अतीच वाटतं.

ते खरं आहे. त्यामागचं कारण मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि कारण कळलं नाही की माणूस अडाण्यासारखे पैसे घालवतो. अशा गावात राहायचं तर दोन गोष्टी आधी डोक्यात बसायला हव्यात. एक, घर आपल्या मालकीचं असलं तरी त्याच्या रूपावर आपला एकट्याचा हक्क नाही. दुसरी, चारशे वर्षांपूर्वीचं घर पाण्याशी आणि हवेशी जसं वागतं, तसं आजचं घर वागत नाही. नव्या घराची औषधं त्याला लागू पडत नाहीत, उलट बाधतात. बाकी सगळे नियम, खर्च आणि कटकटी या दोन गोष्टींतून निघतात.

आधी गावाचा कारभार

इंग्लंडमध्ये खेड्याच्या पातळीवर पॅरिश कौन्सिल असते. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. १८९४ च्या कायद्याने गावाचा कारभार चर्चपासून वेगळा काढून निवडून दिलेल्या मंडळाकडे दिला. आपल्या ग्रामपंचायतीची आठवण होईल, पण ताकद बरीच कमी. बाकं, बसथांबे, मुलांचं मैदान, दफनभूमी, भाजीपाल्याचे वाफे भाड्याने देणं, एवढाच पसारा. सदस्यांना पगार नाही. पगारी माणूस बहुधा एकच, अर्धवेळ काम करणारा क्लार्क. खर्चासाठी ही कौन्सिल घरपट्टीत, म्हणजे कौन्सिल टॅक्समध्ये, आपला छोटासा वाटा टाकते.

नव्याने आलेल्यांची पहिली गफलत इथेच होते. बांधकामाची परवानगी पॅरिश कौन्सिल देत नाही. ती फक्त मत कळवते. निर्णय वरच्या कौन्सिलचा, म्हणजे डिस्ट्रिक्ट किंवा युनिटरी कौन्सिलचा. त्यामुळे पॅरिशच्या बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली म्हणजे काम झालं, असं धरून चालू नये. तरी बैठकीला जावं. विषयपत्रिका किमान तीन दिवस आधी गावाच्या फलकावर लागते. शिवाय १ मार्च ते १ जून या काळात वर्षातून एकदा गावातल्या सर्व मतदारांची सभा होते, थेट आपली ग्रामसभाच.

या मतदारांत भारतीय नागरिकही येतात, हे आपल्याकडच्या अनेकांना माहीत नसतं. ब्रिटनमध्ये वैध परवान्यावर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून तिथे मतदार होऊ शकतो. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर पॅरिशची निवडणूकही लढवू शकतो.

‘लिस्टेड’ म्हणजे फक्त समोरची बाजू, असं नाही का?

नाही. आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो.

ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या इमारतींची एक राष्ट्रीय यादी आहे; तिच्यात नाव असलेली इमारत ती ‘लिस्टेड’. तिची देखभाल ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही संस्था करते आणि नाव घालायचं की नाही हे सांस्कृतिक खात्याचा मंत्री ठरवतो. १७०० च्या आधीची, मूळ रूप बऱ्यापैकी टिकलेली जवळजवळ प्रत्येक इमारत यादीत असते. १७०० ते १८५० मधल्याही बहुतेक असतात. दर्जे तीन: ग्रेड एक, ग्रेड दोन-तारांकित आणि ग्रेड दोन. शंभरातल्या नव्वदहून अधिक इमारती ग्रेड दोनमध्ये आहेत. खेड्यातलं साधं जुनं घर बहुधा तिथेच सापडतं.

‘ग्रेड दोन म्हणजे फक्त दर्शनी भाग’ हे वाक्य इस्टेट एजंटापासून शेजाऱ्यापर्यंत कुणाच्याही तोंडी ऐकू येईल. ते चूक आहे. दर्जा कुठलाही असो, संरक्षण अख्ख्या इमारतीला, आतून-बाहेरून. जिना, दारं, तुळया, शेगडीचा कोनाडा, जुना गिलावा, फरशी, सगळं त्यात आलं. यादीतलं वर्णन जुनं असेल तर दोन-चार ओळींचंच असतं, आणि त्यात जिन्याचा उल्लेख नाही म्हणून जिना मोकळा होत नाही. आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या जोडइमारती आणि भिंतीही सहसा या संरक्षणात मोडतात. गोठा, डुकरांचं खुराडं, बागेची दगडी भिंत, काहीही.

इमारतीच्या वैशिष्ट्याला धक्का लावणारं काम करायचं, तर ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’ ही खास परवानगी घ्यावी लागते. अर्जाला फी नाही. निर्णयाची मुदत आठ आठवडे, प्रत्यक्षात अनेकदा जास्त. खर्च होतो तो नकाशांवर, आणि या कामाने इमारतीचं काय बिघडेल आणि ते का चालेल, हे समजावणाऱ्या टिपणावर. जसं होतं तसंच, त्याच सामानाने, त्याच पद्धतीने दुरुस्त करायचं असेल तर बहुधा परवानगी लागत नाही. खिडकीच्या चौकटीचा कुजलेला खालचा तुकडा कापून तसाच लाकडी तुकडा जोडणं ही दुरुस्ती. अख्खी खिडकी काढून नवी बसवणं हा बदल. सीमारेषा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, आणि ती कुठे हे कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन अधिकाऱ्याला, म्हणजे जुन्या वास्तूंचं जतन बघणाऱ्याला, आधी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावं.

परवानगीविना काम करणं हा १९९० च्या कायद्याप्रमाणे फौजदारी गुन्हा आहे. दंडाला वरची मर्यादा नाही, आणि कैद दोन वर्षांपर्यंत.

शेजाऱ्याने तर प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्यात!

बसवल्या असतील. कदाचित त्याचं घर यादीत नसेल. कदाचित त्या यादीत नाव येण्याआधीच्या असतील. किंवा अजून कुणाच्या नजरेला आल्या नसतील. या तिसऱ्या शक्यतेत मोठी मेख आहे. साधं अनधिकृत बांधकाम काही वर्षांनी कारवाईतून सुटतं. लिस्टेड इमारतीवरच्या कामाला अशी मुदत नाही. शिवाय ‘पूर्ववत करा’ ही नोटीस आजच्या मालकाला येते, काम कुणीही केलेलं असो. म्हणजे आधीच्या मालकाने १९९५ साली पाडलेली भिंत तुम्हाला आज परत बांधावी लागू शकते.

म्हणून घर घेण्याआधी तीन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या: यादीतलं वर्णन, कौन्सिलच्या संकेतस्थळावरच्या जुन्या परवानग्या, आणि आज डोळ्यांसमोर दिसणारं घर. वर्णनात ‘लाकडी झडपांच्या खिडक्या’ आहेत, समोर पांढरं प्लॅस्टिक आहे आणि परवानगी कुठेच नाही, तर भावात घासाघीस करायला ते पुरेसं कारण आहे. सौदा सोडायलाही.

घर यादीत नसलं तरी गाव ‘कॉन्झर्वेशन एरिया’त, म्हणजे जतन करायच्या परिसरात, असू शकतं. ही कल्पना १९६७ च्या कायद्यातली. अशी क्षेत्रं इंग्लंडमध्ये दहा हजारांच्या आसपास आहेत. इथे घराच्या आतल्या कामाला सहसा मज्जाव नाही, पण बाहेरच्या बऱ्याच गोष्टींना आहे. नवखे हमखास अडकतात ते झाडाला हात लावताना. जमिनीपासून दीड मीटरवर ज्याचं खोड ७५ मिलिमीटरहून जाड आहे, असं कुठलंही झाड तोडण्याच्या किंवा छाटण्याच्या सहा आठवडे आधी कौन्सिलला कळवावं लागतं. ७५ मिलिमीटर म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. परसातलं, आपण स्वतः लावलेलं झाडसुद्धा यात येतं. फळबागेतली फळझाडं वगैरे काही अपवाद आहेत, तरी आधी विचारलेलं बरं.

भिंत म्हणजे माठ समजा

आता गोष्ट नियमांकडून पदार्थविज्ञानाकडे वळते, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

आजच्या इंग्लिश घराची भिंत दुहेरी असते. बाहेरची एक, आतली एक, मध्ये पोकळी. पाऊस बाहेरच्या थराने अडवायचा. चुकून आत आलंच तर पोकळीतून खाली निथळून जातं. जुन्या घराची भिंत एकसंध, अर्धा मीटर किंवा जास्त जाड, दगड किंवा विटा चुन्यात रचलेल्या. ही भिंत पाणी अडवत नाही. पावसात थोडं पिते आणि वारा-ऊन आलं की सोडून देते. आपला मातीचा माठ जसा झिरपतो आणि सुकतो, तसंच. माठाला बाहेरून तेलरंग दिला तर काय होईल? पाणी आतच राहील, आणि गार होण्याचा गुण जाईल. जुन्या भिंतीला सिमेंट फासलं की नेमकं तेच होतं.

विसाव्या शतकात हजारो जुन्या घरांच्या भिंतींच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुना खरवडून सिमेंटने भरल्या गेल्या. दिसायला टापटीप, हाताला टणक. पण चुना मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून भिंतीतलं पाणी दगडापेक्षा सांध्यांतून सहज बाहेर पडतं. सांधा हा इथे मुद्दाम ठेवलेला बळीचा बकरा आहे. तो झिजतो, पन्नास-शंभर वर्षांनी तो बदलायचा, दगड शाबूत. सांध्यात सिमेंट भरलं की पाण्याची वाट बंद होते आणि ते दगडातून बाहेर पडायला बघतं. त्याच्याबरोबर विरघळलेले क्षार येतात, पृष्ठभागाजवळ त्यांचे खडे बनतात, हिवाळ्यात पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे पोपडे सुटतात. अशी भिंत ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधले दगड वाटीसारखे आत खचलेले दिसले, की समजायचं.

आतून त्याच भिंतीला ओल दिसते. मग कुणीतरी दोन टोकांचं ओलमापक यंत्र घेऊन येतो, ते भिंतीला टोचतो, सुई लाल रेषेत जाते, आणि ‘जमिनीतून ओल चढतेय’ म्हणून भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याचा खर्च सांगतो. ही यंत्रं मुळात लाकडासाठी बनवलेली आहेत. भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे क्षार साचले असतील, तर ती कोरड्या भिंतीवरही भलताच आकडा दाखवतात. रसायनाची भोकं पाडायलाही लिस्टेड घरात परवानगी लागतेच.

ओलीची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. फुटका पन्हळ. वर्षानुवर्षं माती आणि डांबर साचून बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आलेली. ती साधारण १५ ते २० सेंटिमीटर खाली हवी. सिमेंटचा गिलावा. बंद करून टाकलेलं धुराडं. आणि आतली वाफ. कुकरच्या शिट्ट्या, रोजचा भात-वरण-पोळी, पावसामुळे घरातच दोरीवर वाळत घातलेले कपडे: या सगळ्यातून निघणारं पाणी थंड भिंतीवर जाऊन बसतं. स्वयंपाकघरात वाफ बाहेर फेकणारा पंखा हवाच. फक्त त्याच्यासाठी भिंतीला भोक पाडायचं तर कन्सेंट.

दर्जा पुन्हा भरण्याची रीत अशी. जुनं सिमेंट हलक्या हाताने, छिन्नी-हातोडीने काढायचं. ग्राइंडर फिरवला तर दगडाच्या कडा कापल्या जातात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. खोली सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट. धूळ झाडून सांधा पाण्याने भिजवायचा, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुना भुगा होऊन गळतो. मिश्रण साधारण एक भाग चुना, अडीच-तीन भाग जाडसर टोकदार वाळू. सांधा अर्धवट आळला की कडक ब्रशने ठोकून पृष्ठभाग खरबरीत करायचा, म्हणजे श्वास मोकळा राहतो. मग ओलं गोणपाट टांगून काही दिवस ऊन-वाऱ्यापासून जपायचं. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर कामाला हातच घालायचा नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना आळायला वेळ लागतो आणि त्याआधी गोठला तर सगळं वाया. म्हणून ही कामं वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि चांगल्या गवंड्याचा उन्हाळा वर्षभर आधी भरलेला असतो.

पुण्या-वाईकडच्या वाड्यांची चुनेगच्ची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही सिमेंटच्या गिलाव्याने हेच केलंय.

मग थंडीने मरायचं का?

आक्षेप रास्त आहे. एकेरी काच, जाड भिंत, फटींतून वारा. पण जुन्या चौकटीत दुहेरी काच बसवायला नकार मिळाला म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत. मूळ खिडकीच्या आतल्या बाजूला दुसरी, काढता-घालता येणारी काचेची चौकट लावता येते. तिला बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत, ती मूळ लाकडाला फार धक्का न लावता बसते, आणि आवाज तर दुहेरी काचेपेक्षाही चांगला अडवते. त्यानंतर जाड पडदे, दाराच्या फटीला पट्ट्या, पोटमाळ्यावर मेंढीच्या लोकरीचे किंवा लाकडी तंतूंचे थर. हे सामान वाफेला अडवत नाही, म्हणून जुन्या घराला मानवतं.

पोटमाळ्यावर चढण्याआधी एकच बघायचं, तिथे वटवाघळं आहेत का. ब्रिटनमधल्या सगळ्या जातींची वटवाघळं आणि त्यांची वस्तीची जागा कायद्याने संरक्षित आहे, वटवाघळं त्या वेळी तिथे नसली तरीही. तपासणी न करता छपराला हात लावला आणि त्यांना किंवा त्या जागेला धक्का लागला, तर तो वेगळाच गुन्हा, आणि तपासणीचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. म्हणजे हिवाळ्यात ठरवलेलं काम कधीकधी पुढच्या वर्षावर जातं.

शाकारणी

गवती छपराला तिथे थॅच म्हणतात. आपला कोकणातला किंवा मावळातला माणूस शाकारणी दर पावसाळ्याआधी करायचा. तिथलं छप्पर एकदा शाकारलं की दशकं टिकतं. फरक सामानात आणि जाडीत. तीन प्रकार: लांब गव्हाचा पेंढा, विंचरून एका दिशेला लावलेला गव्हाचा पेंढा, आणि पाणथळ जागेतला बोरू. टिकाऊपणा याच क्रमाने वाढतो: पहिला साधारण १५ ते २५ वर्षं, शेवटचा ४० किंवा जास्त. आढ्यावरचा पट्टा मात्र दर १० ते १५ वर्षांनी नवा करावा लागतो, कारण सगळ्यात जास्त मार तिथे बसतो.

काड्या एकमेकींवर अशा रचलेल्या असतात, की थेंब एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उड्या मारत वळचणीपर्यंत पोचतो. उतार ४५ अंशांहून जास्त असेल तर भर पावसातही वरचे दोन-तीन सेंटिमीटरच भिजतात, खालचं सगळं कोरडं. पन्हळ नसतो, पागोळ्या सरळ जमिनीवर पडतात, म्हणून वळचण भिंतीपासून बरीच पुढे काढलेली असते. छप्पर कधी बदलायचं हे काड्या बांधणाऱ्या आडव्या बारीक काठ्या वर दिसू लागल्या की कळतं. त्या मूळच्या आत खोल दडवलेल्या असतात. त्या दिसल्या याचा अर्थ वरचं गवत तेवढं झिजलं.

मग जास्त टिकणारा बोरूच का नाही लावायचा? कारण ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पेंढा होता तिथे बोरू लावणं हा ‘बदल’ ठरतो आणि त्याला कन्सेंट लागते. शिवाय जुन्या पेंढ्याचे थर सगळे काढत नाहीत, वरचा थर खरवडून नवा बसवतात. काही घरांत तळाचा थर मध्ययुगातला आहे, धुराडी येण्याआधीच्या चुलींच्या काजळीने काळा पडलेला. पेंढ्याची आणखी एक अडचण शेतात आहे. आजचा गहू बुटका, यंत्राने कापायला सोयीचा. शाकारणीला उंच काडी लागते. म्हणून मॅरिस विजनसारखी जुनी उंच वाणं काही शेतकरी मुद्दाम पेरतात, जुन्या बांधणी यंत्राने कापतात आणि पेंढ्या शेतातच उभ्या करून वाळवतात. त्यात कापणीच्या वेळी पाऊस झाला, तर पुढच्या वर्षी पेंढा महाग.

आगीची भीती खरी आहे, पण ती भलत्याच ठिकाणी शोधली जाते. गवत आपोआप पेटत नाही. लाकूड जाळायची शेगडी पेटवताना वापरलेला कागद किंवा ओल्या लाकडाची ठिणगी धुराड्यातून उडून छपरावर बसते. म्हणून लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलीचं, कागद-पुठ्ठा अजिबात नाही, धुराडं वर्षातून दोनदा साफ, आणि त्याचं तोंड आढ्याच्या किमान १.८ मीटर वर. ठिणगी अडवणारी जाळी लावावी असं पूर्वी सांगत. ती काजळीने तुंबते आणि मग स्वतःच धोका बनते. आग लागलीच तर पाण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण पाणी बाहेर टाकण्यासाठीच ते छप्पर रचलेलं असतं. अग्निशामक दल आकड्यांनी गवत ओढून काढतं. विमा कंपन्या धुराडं साफ केल्याची आणि वायरिंग तपासल्याची पावती मागतात, आणि पावती नसेल तर दाव्याच्या वेळी अडवतात.

जमिनीखाली काय नाही

छोट्या गावात गॅसची पाइपलाइन बऱ्याचदा नसते, आणि गटारही. घर बघणाऱ्याचं लक्ष गुलाबाच्या वेलीवर असतं. बघायला हवी ती परसातली हिरवी टाकी आणि हिरवळीतलं झाकण.

टाकीत रॉकेलच्या जातीचं तेल असतं, बॉयलरसाठी. ते बहुतेक ठिकाणी किमान ५०० लिटर घ्यावं लागतं आणि थंडीची लाट आली की भाव चढतो. म्हणून गावकरी मिळून एकत्र मागणी नोंदवतात. टँकर एकदाच येतो, सगळ्यांना थोडं स्वस्त पडतं. काटा चतुर्थांशावर आला की मागवायचं. टाकी कोरडी पडली तर तळाचा गाळ बॉयलरमध्ये जातो, नळीत हवा भरते आणि मेकॅनिकची फी वेगळी.

झाकणाखाली सेप्टिक टँक. घन मैला तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांच्या नळ्यांतून खडीच्या चरांत आणि तिथून जमिनीत मुरतं. उपसा साधारण वर्षातून एकदा. जिवाणू काम करतात, म्हणून ब्लीचचा मारा केला तर तेच मरतात. फोडणीचं तेल आणि तूप थंड होऊन नळ्या तुंबवतं. कढई कागदाने पुसून मगच धुवावी. १ जानेवारी २०२० पासून सेप्टिक टँकचं पाणी सरळ ओढ्यात सोडायला मनाई आहे. जुन्या घरांत अजून तसं आढळतं आणि ते बदलायचा खर्च हजारोंत जातो. विकणाऱ्याने मैलापाण्याची व्यवस्था लेखी सांगायची असते. ती वाचावी, आणि टाकी कुणाच्या जमिनीत आहे तेही बघावं. ती शेजाऱ्याच्या बागेत निघणं अजिबात विशेष नाही.

कुंपणाच्या आतून जाणारे लोक

सार्वजनिक पायवाट तुमच्या शेतातून किंवा अंगणातून जात असेल, तर कुणीही तिच्यावरून चालू शकतो. ही वाट कौन्सिलच्या अधिकृत नकाशावर नोंदलेली असते आणि गेट लावून बंद करता येत नाही. शेतातून जाणारी वाट नांगरली तर पहिल्यांदा १४ दिवसांत पूर्ववत करायची.

याहून चमत्कारिक देणं चर्चचं. काही जमिनींच्या मालकांवर गावच्या चर्चच्या वेदीकडच्या भागाची दुरुस्ती करायची मध्ययुगीन जबाबदारी आहे. वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँट्लो गावच्या एका दांपत्यावर ती पडली. २००३ साली देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, चर्चच्या बाजूने निकाल दिला आणि बिल लाख पौंडांच्या वर गेलं. ऑक्टोबर २०१३ नंतर ही जबाबदारी जमिनीच्या नोंदवहीत चढवलेली नसेल तर नव्या खरेदीदारावर सहसा येत नाही. वकिलाला तरी विचारायचंच.

पब बंद पडला तर

गावात दुकान नसेल, शाळा नसेल, बस दिवसातून दोन. पब हीच चावडी. तो विकायला निघाला की बांधकाम व्यावसायिकाला तिथे घरं दिसतात. २०११ च्या कायद्याने गावाला एक अवसर दिला: पब ‘समाजाच्या मोलाची मालमत्ता’ म्हणून आधीच नोंदवलेला असेल, तर विक्री सहा महिने थांबवून पैसे उभे करता येतात. मालकाने गावालाच विकावं असं बंधन मात्र नाही. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने तर हा कायदा येण्याआधीच, २००३ साली, आपला पब सहकारी तत्त्वावर विकत घेतला. सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखाना येतो; तिथे बिअरचा नळ.

लाल टेलिफोनची खोकीही अशीच वाचली. एक पौंडात ती पॅरिशला घेता येतात. कुठे पुस्तकं ठेवतात, कुठे हृदय बंद पडल्यावर वापरायचं झटका-यंत्र. साधा लँडलाइनसुद्धा इंटरनेटवर जातोय. जानेवारी २०२७ पर्यंत जुनी फोनव्यवस्था बंद व्हायची आहे. वीज गेली की असा फोनही जातो. मोबाइलला रेंज नसलेल्या गावात बॅटरीची सोय कंपनीकडे आधीच मागून ठेवावी. वीज गेल्याची तक्रार १०५ वर.

घर बघायला कधी जावं

जूनमधल्या उन्हात सगळीच घरं सुंदर दिसतात. नोव्हेंबर-फेब्रुवारीतला सलग पावसाचा दिवस निवडा. वळचणीखाली उभं राहून पागोळ्या कुठे पडतात ते बघा, आत गेल्यावर नाकाला कसला वास येतो तो घ्या, कपाटांच्या मागच्या भिंतीला हात लावा. पुन्हा एकदा रविवारी दुपारी जा, पर्यटकांच्या गाड्या कुठे लागतात ते कळेल. आणि एकदा संध्याकाळी, चर्चच्या घंटांचा आठवड्याचा सराव असेल त्या दिवशी. तो तासभर तरी चालतो, आणि तुमच्या आधी तिथे तीनशे वर्षं चालत आलेला असू शकतो, तेव्हा तक्रार करून गावात मान मिळणार नाही.

मग पॅरिश कौन्सिलची गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं वाचून काढा. ती जाहीर असतात. कुठला रस्ता तुंबतो, कुठला ओढा भरतो, कुठल्या शेतात घरं यायची आहेत, सगळं त्यात असतं. कुत्र्यांच्या विष्ठेचा विषय बहुतेक प्रत्येक बैठकीत असतो.